लागेल, राहू दे

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत 'आयत्या वेळचे विषय' सुरू झाले की शहाणी माणसं चहाच्या टेबलाकडे सरकतात. मी सरकलो नाही, कारण माझ्या चपला चेअरमनसाहेबांच्या खुर्चीखाली अडकल्या होत्या. तेवढ्यात कुणीतरी जिन्यातल्या सामानाचा विषय काढला. आग विझवायची लाल नळकांडी तपासायला माणूस आला होता, त्याला तिसऱ्या मजल्यावरचं नळकांडंच सापडलं नाही. त्याच्यापुढे दोन सायकली, एक कूलर आणि झोपाळ्याची फळी उभी होती. मी सहज म्हणालो, "एखाद्या रविवारी सगळ्यांचं नको असलेलं सामान गोळा करू या. चांगलं असेल ते कुणाला तरी वापरायला देऊ, बाकीचं रिसायकलिंगला..." माझं वाक्य संपायच्या आत इतिवृत्तात 'संयोजक' म्हणून माझं नाव पडलं. एरवी आमच्याकडे पाण्याच्या मोटरीचा निर्णय व्हायला तीन सभा लागतात.

सोसायटी कोथरूडमधली. तीस वर्षांची, चार विंगा, शहाण्णव फ्लॅट. या तीस वर्षांत इमारतीतून कायमची बाहेर गेलेली गोष्ट म्हणाल तर फक्त मुलं. ती अमेरिकेला गेली, आणि तीही आपापलं सामान इथेच ठेवून. बिल्डरने प्रत्येक फ्लॅटला दोन माळे दिले, एक स्वयंपाकघरात आणि एक बाथरूमवर, आणि इथेच त्याची चूक झाली. माळा रिकामा राहू शकत नाही, हा निसर्गनियम आहे. आमच्या माळ्यावर डालडाचा एक डबा आहे. त्यात काय आहे हे कुणालाच ठाऊक नाही, पण दर दिवाळीला तो खाली उतरतो, पुसला जातो, बायको आणि मी एकमेकांकडे बघतो, आणि दोघांपैकी एकजण म्हणतो, "लागेल, राहू दे."

समितीत माझ्याखेरीज तिघं आले. ए-५०२, बँकेतून निवृत्त. त्यांनी पावती फाडल्याशिवाय कुणाला नमस्कारही केला नसेल. बी-३०४च्या काकू, ज्यांना हाताला काम लागतं, मग ते कुठलंही. आणि डी-६०१चा आयटीतला मुलगा. त्याने पहिल्याच बैठकीत लॅपटॉपवर तक्ता उघडून दाखवला. सामानाचे चौदा प्रकार, प्रत्येकाला वेगळा रंग. काकू म्हणाल्या, "अबोली रंग छान आहे, तो कपड्यांना ठेव."

तारीख धरली २६ जानेवारी २०२५. रविवारच होता. झेंडावंदनाला सगळे खाली उतरतात, जिलेबीसाठी थांबतात, तेवढ्यात सामान काढून घ्यायचं असा बेत. काय चालेल आणि काय चालणार नाही याची यादी ग्रुपवर टाकली आणि अर्ध्या तासात कळलं की यादी कुणीही वाचलेली नाही.

"भाऊ, गादी चालेल का हो?"

"नाही. यादीत लिहिलंय."

"कापसाची आहे पण."

"तरी नाही."

"एकदा बघून तर जा."

गेलो. गादीवर त्यांच्या सासूबाई झोपल्या होत्या. मी हळू आवाजात सांगितलं की गादी उत्तम आहे, असू द्या. सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या, "मी कालच सांगितलं तिला."

सगळ्यांत जास्त फोन आले ते देवांच्या तसबिरींसाठी. अकरा. काच कपाटाच्या कामाची, लाकूड वाळवीच्या कामाचं, पण मधल्या देवाचं करायचं काय? तसबीर जुनी झाली, काचेखाली बुरशी आली, देवाचा एक डोळा पुसला गेला, तरी तिला कचऱ्यात टाकायला हात धजत नाही. मग ती रात्रीच्या अंधारात पिंपळाच्या पारावर जाते आणि माणूस घरी येऊन शांत झोपतो. आम्ही यादीत ठळक अक्षरांत लिहिलं, 'तसबिरी घेणार नाही.' सव्वीस तारखेला सकाळी सात वाजता टेबलं मांडायला उतरलो तर टेबल नंबर एकवर पाच तसबिरी ओळीने उभ्या, प्रत्येकीला ताजं फूल वाहिलेलं. कुणी ठेवल्या ते आजतागायत कळलेलं नाही. त्या आता वॉचमनच्या केबिनमध्ये आहेत. तो रोज उदबत्ती लावतो, आणि जिने तिथे तसबीर सोडली असावी असा माझा दाट संशय आहे, ती बाई जाता येता सगळ्यांत आधी हात जोडते.

आदल्या आठवड्यात मी एक शहाणपणाची गोष्ट केली. आमच्याकडे रोज कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना विचारलं, रविवारी दोन तास याल का. त्या 'स्वच्छ'च्या सभासद. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ साली उभी राहिली. तिच्यातून पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था निघाली आणि २००८मध्ये महापालिकेशी करार होऊन तिचं दारोदारचं काम सुरू झालं. म्हणजे आमच्या इमारतीत खऱ्या अर्थाने मालक कुणी असतील तर त्या ताई. बाकीच्यांचे बँकेचे हप्ते चालू आहेत. दर घरामागे महिन्याला मिळणारे पैसे आणि सुका कचरा विकून येईल ते, एवढी त्यांची कमाई. म्हणून मी जरा संकोचाने विचारलं, आम्ही हे सगळं एकदम गोळा केलं तर तुमच्या पोटावर पाय नाही ना यायचा?

त्या हसल्या. "वर्षातून एकदा करा की. रोज नका करू म्हणजे झालं."

रविवारी झेंडावंदन झालं, राष्ट्रगीत झालं, आणि 'जय हे'चा शेवटचा सूर हवेत असतानाच लिफ्टसमोर रांग लागली. पहिल्या अर्ध्या तासात जे आलं त्यावरून मराठी मध्यमवर्गाचा इतिहास लिहिता येईल. मिक्सरची चार भांडी, मिक्सर नाही. झाकण नसलेले प्रेशर कुकर आणि कुकर नसलेली झाकणं. दोन्ही वेगवेगळ्या घरांतून आली आणि एकमेकांना बसली नाहीत. जर्मनचा एक टोप, बुडाला पोचे. आणि वायरी. वायरींबद्दल वेगळं बोललं पाहिजे. प्रत्येक घरात एक ड्रॉवर असतो, तो उघडताना अडकतो, कारण आत चार्जर असतात. मोबाइल गेले, कंपन्या गेल्या, काही ठिकाणी ते विकत घेणारे सासरेही गेले, चार्जर मात्र आहेत. जाड पिनचे, बारीक पिनचे, सपाट पिनचे. एका गृहस्थांनी पिशवीभर आणले, टेबलावर ओतले आणि मग एकेक परत उचलायला लागले. "हा राहू दे. हा बहुतेक कॅमेऱ्याचा आहे." कॅमेरा कुठाय, असं विचारल्यावर म्हणाले, "तो हरवला. पण सापडला तर?"

ई-कचऱ्याच्या टेबलावर ए-५०२ बसले होते. त्यांनी सगळे नियम वाचून ठेवले होते. २०२२चे नवे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू झाले, त्यात जुन्या उपकरणाची विल्हेवाट लावायची जबाबदारी ते बनवणाऱ्या कंपनीवर आहे, हे ते येणाऱ्या प्रत्येकाला उभं करून सांगत होते. मग त्यांच्यापुढे बी-१०२चा टीव्ही आला. पोटवाला, लाकडी शटरचा, तिघांनी धरून आणलेला. जुन्या वाड्यातून या फ्लॅटमध्ये आलेला. १९८७ साली रविवारी सकाळी 'रामायण' लागायचं तेव्हा या टीव्हीला हार घालत असत. शटरच्या डाव्या कडेला हळदीकुंकवाचा पुसट डाग अजून होता. ज्या कंपनीने टीव्ही बनवला तीच आता अस्तित्वात नव्हती, त्यामुळे ए-५०२ पाच मिनिटं गप्प बसले. या टीव्हीच्या काचेत शिसं असतं, तो फोडायचा नाही, अधिकृत रिसायकलरकडेच द्यायचा, एवढं मी मालकांना सांगितलं. त्यांच्या आई पुढे आल्या, शटर बंद केलं आणि खांद्यावरून पदर घेऊन टीव्हीला नमस्कार केला. मग रांगेतल्या आणखी दोघींनी केला. ए-५०२नी पावती फाडली.

पावत्या ते कार्बन पेपर घालून तीन प्रतींत फाडत होते. एक देणाऱ्याला, एक सोसायटीला, एक कशाला ते त्यांनाही सांगता आलं नाही. कार्बन पेपरचा निळा डबा त्यांनी बँकेतून निवृत्त होताना आणला होता. "म्हटलं होतं ना, लागेल." एवढा आनंद त्यांना पेन्शन सुरू झाल्यावरही झाला नसेल.

व्हीसीआर एकच आला. सी-४०३चा. त्यात कॅसेट अडकलेली होती आणि कॅसेटवर लिहिलं होतं 'लग्न, भाग २'. सगळे जमले. डी-६०१च्या मुलाने जन्मात व्हीसीआर पाहिला नव्हता, तरी स्क्रू ड्रायव्हर घेऊन तोच पुढे झाला. कॅसेट काही निघेना. बाहेर काढली तरी लावणार कशावर, कारण सोसायटीतला उरलेला एकमेव व्हीसीआर हाच. सी-४०३च्या वहिनी म्हणाल्या, "भाग दोनमध्ये माझ्या बाबांचा निरोपाचा सीन आहे." त्यानंतर कुणीच काही बोललं नाही. व्हीसीआर कॅसेटीसकट वर गेला. पावती रद्द करावी लागली, आणि रद्द पावतीच्याही तीन प्रती निघाल्या.

आता काकूंच्या टेबलाकडे या. पाटीवर लिहिलं होतं, 'ठेवून जा, हवं ते घेऊन जा.' संक्रांत होऊन बारा दिवस झाले होते. त्या वर्षी काकूंनी हळदीकुंकवाला झाकणाचे फिकट जांभळे डबे लुटले होते. चाळीस, बोहरी आळीतून, घासाघीस करून आणलेले. पावणेनऊला पहिला जांभळा डबा टेबलावर आला.

"अगोबाई," काकू म्हणाल्या, "अगदी आमच्यासारखाच."

ए-विंगमधल्या वहिनींनी डब्याकडे बघितलं, काकूंकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "हो का? मला कुणीतरी दिला."

दुसरा आला, तिसरा आला. तिसऱ्यात तिळगूळही तसाच होता, चार वड्या, काकूंच्या घरच्या कागदात बांधलेल्या. संक्रांतीचे दिवस, गोड बोलणं भाग. काकूंनी एक वडी तोंडात टाकली, उरलेल्या तीन रांगेतल्या मुलांना वाटल्या, आणि डबा इतर दोघांशेजारी नीट रांगेत ठेवला. दहा वाजेपर्यंत नऊ डबे झाले. मला वाटलं, आता भांडण होणार. पण रथसप्तमी त्या वर्षी ४ फेब्रुवारीला होती, आणि ज्यांची हळदीकुंकवं अजून व्हायची होती अशा दोघी डी-विंगमधून उतरल्या. त्यांनी डबे बघितले, बोटांनी मोजले, आपसांत काही कुजबुजल्या. साडेदहाला टेबलावर एकही जांभळा डबा नव्हता. नऊ आले, नऊ गेले, आणि पाच वाजता काकूंना डी-विंगमधून हळदीकुंकवाचं बोलावणं होतं. वस्तू वापरातून न जाता फिरत कशी ठेवायची यावर जगभर परिषदा भरतात म्हणे. त्यांना एकदा जानेवारीत कोथरूडला आणायला हवं.

माझ्या आईच्या काळी हा व्यवहार बोहारणीशी व्हायचा. सात साड्या, दोन पँटी, एक स्टीलचं पातेलं, वाटाघाटी दुपारभर. बोहारीण साडी उजेडात धरून फाटकी जागा शोधायची, आई तिथेच नेमका अंगठा ठेवायची. त्यात दान वगैरे भानगड नव्हती, त्यामुळे कपडे धुऊन, घडी घालून, बटणं लावून ठेवलेले असत. बोहारीण फाटकं घेत नसे. आता आपण फुकट देतो, म्हणून काहीही देतो. २०१९च्या कोल्हापूर-सांगलीच्या पुराच्या वेळी आमच्या सोसायटीने जे गाठोडं बांधलं होतं ते मीच बांधलं होतं, आणि त्यात एक शेरवानी होती हे मला माहीत होतं. 'गूंज' ही संस्था अंशु गुप्तांनी १९९९ साली सुरू केली ती याच विचाराने, की गावाकडचा माणूस म्हणजे आपल्या कपाटाची कचरापेटी नव्हे. या वेळी आम्ही पाटी लावली: 'जे तुम्ही स्वतः घालाल तेच द्या.' कपड्यांचा ढीग निम्मा झाला. एक गृहस्थ पाटी वाचून हातातली पिशवी घेऊन परत गेले. दुसऱ्या दिवशी तोच चौकड्यांचा शर्ट घालून ते मॉर्निंग वॉकला आले होते.

दिवाळी अंकांचं टेबल लावायला नको होतं, असं मला अजूनही वाटतं. 'मनोरंजन'ने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ते विकत कसे घ्यावेत हे आपल्याला चांगलं कळलंय, टाकावेत कसे ते अजून कळलेलं नाही. सी-२०१चे काका चाळीस अंक घेऊन आले. दोरी सोडली, वरचा अंक चाळला आणि पायरीवर बसले. बाराला त्यांची बायको बोलवायला आली तेव्हा ते चौथा अंक वाचत होते. घरी जाताना त्यांनी बावन्न नेले. त्यांच्या घरात त्या दिवशी बारा अंकांची निव्वळ भर पडली, आणि त्याचं खापर अर्थातच संयोजकावर फुटलं.

प्लॅस्टिकचं टेबल डी-६०१च्या मुलाकडे होतं. प्रत्येक डब्याच्या बुडाशी बाणांचा त्रिकोण आणि त्यात एक ते सातमधला आकडा असतो. एक म्हणजे पाण्याची बाटली, पाच म्हणजे श्रीखंडाचा डबा, सहा म्हणजे थर्माकोलचा सख्खा भाऊ. हे सगळं त्याने पाठ केलेलं. तो मोबाइलचा टॉर्च लावून एकेक डबा उलटा करत होता. शेजारी ताई जमिनीवर बसल्या, पोतं ओढलं आणि सुरुवात केली. त्या आकडा बघत नव्हत्या. डबा बोटांत चेपायच्या, कानाजवळ एकदा कुरकुरवायच्या, आणि तो आपोआप योग्य ढिगात जाऊन पडायचा. कडक इकडे, नरम तिकडे. दुधाच्या पिशव्या वेगळ्या. पाण्याच्या बाटल्या वेगळ्या. कुठल्याही कंपनीची असो, त्यांच्या लेखी ती 'बिसलेरी'. चिप्सची पाकिटं त्यांनी हातसुद्धा न लावता पायाने बाजूला केली. "वरनं चांदी दिसती, घेत कुणी नाय." प्लॅस्टिक आणि चंदेरी थर एकमेकांना असे चिकटलेले की सुटे करणं कुणाला परवडत नाही, हे त्या मुलाने मला तक्त्यातून वाचून दाखवलं. ताईंनी तेवढ्यात पोतं संपवलं.

"काका," मुलगा म्हणाला, "इथे नऊ नंबर आहे. यादी तर सातपर्यंतच आहे."

ताईंनी त्याच्या हातातला डबा घेतला, उलटा फिरवून परत दिला. सहा होता.

काकूंना लग्नपत्रिकांचं काम द्यायला मी विसरलो होतो, ते त्यांनी आपणहून घेतलं. रद्दीत पत्रिका ढिगाने आल्या होत्या, आणि प्रत्येकीच्या डोक्यावर गणपती. काकू कात्री घेऊन बसल्या आणि दुपारपर्यंत सगळे गणपती कापून काढले. सोनेरी, उठावाचे, पानाच्या आकाराचे, एकदंत, मोदकवाले. दीडशेच्या वर असतील. उरलेला पुठ्ठा रद्दीत गेला. गणपती चपलांच्या रिकाम्या खोक्यात भरले, आणि खोकं काकूंनी घरी नेलं. पुढे काय करणार, असं मी विचारलं नाही. उत्तर मला ठाऊक होतं.

साडेबाराला टेम्पो आला, आणि त्याच वेळी सी-विंगमधून शनिवारवाडा खाली उतरायला लागला. चार फुटी, थर्माकोलचा, दिल्ली दरवाज्यासकट. २०१८च्या बंदीत थर्माकोलची मखरं गेली, पण हे बंदीच्या आधीचं, आणि तेव्हापासून माळ्यावर भूमिगत. बुरूज सुटे करता येईनात. टेम्पोत शनिवारवाडा चढवला आणि टेम्पो भरला. ड्रायव्हरने मागे वळून बघितलं. "काका, गाडी फुल झाली, पण काट्यावर काय येणार? हवा?" थर्माकोलमध्ये जवळजवळ सगळी हवाच असते, त्यामुळे तो शंभर टक्के बरोबर बोलत होता. हवा वाहून नेण्याच्या एका खेपेचे दीड हजार रुपये सोसायटीच्या सांस्कृतिक निधीतून गेले.

दुपारी दोनला आवराआवर केली. सकाळपासून चहाचे ऐंशी कागदी कप झाले होते; आतून प्लॅस्टिकचा थर असल्यामुळे ते आमच्याच यादीत 'चालणार नाही'मध्ये होते. ए-५०२नी एकूण एकशे सत्त्याऐंशी पावत्यांचा हिशोब जुळवला. जिन्यातली एक सायकल गेली होती. दुसरी तिथेच आहे, कारण तिचा मालक त्या दिवशी पहिली सायकल न्यायला मदत करत होता.

ताईंनी आपली पोती बांधली. मी त्यांना काकूंच्या टेबलावरचा उरलेला एक लेमन सेट दाखवला, नवा, खोक्यातला, लग्नातल्या भेटीचा. म्हटलं, घेऊन जा. त्यांनी खोकं उघडून ग्लास बघितले, परत नीट बंद केलं.

"ठेवू कुठं दादा? आमच्याकडं माळा न्हाई."

मग त्यांनी गेटकडे बोट दाखवलं. तिथे आमचा फ्लेक्स लावला होता, दहा बाय सहा, हिरवागार, वर 'टाकाऊतून टिकाऊ' आणि खाली चेअरमन, सेक्रेटरी आणि संयोजक यांचे फोटो. असल्या कापडाला रिसायकलिंगमध्ये कुणी विचारत नाही, हे आमच्या यादीतही होतं.

"त्यो काढणार का आता? पावसाळ्यात पत्र्यावर टाकायला बरा पडंल."

अख्ख्या दिवसात ज्या वस्तूचा उपयोग आधी ठरला आणि मग मागणी झाली, अशी ही एकच. मी शिडी आणायला वळलो, तेवढ्यात सेक्रेटरी आले.

"अहो, नको नको. तो पुढच्या वर्षी लागेल."

"त्यावर तारीख छापली आहे," मी म्हणालो. "'रविवार, २६ जानेवारी २०२५.'"

"पुढच्या वर्षीही सव्वीस तारीखच असणार ना? वार तेवढा बदलेल, सोमवार येतो. त्यावर कागद चिकटवू. सालाचंही बघू काहीतरी."

फ्लेक्स उतरला, वॉचमनने आणि मी तो चार पदरी घडी घालून ऑफिसच्या माळ्यावर सरकवला. तिथे जागा व्हावी म्हणून आधी मागच्या वर्षीच्या योग दिनाचा फ्लेक्स थोडा आत ढकलावा लागला.

ताई खाली उभ्या राहून बघत होत्या. "मग सोमवारनंतर द्या," त्या म्हणाल्या.

सेक्रेटरी म्हणाले, "बघू."